बीसीजी गुरुवारी मिळेल

सुईच्या प्रश्नावर आपल्या चळवळीचा इतिहास विरोधाचा आहे आणि त्याबद्दल संकोच वाटण्याचं काही कारण नाही. १९८६ साली नेट-एन या इंजेक्शनने द्यायच्या गर्भनिरोधकाविरुद्ध स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बायकांना नीट माहिती न देता त्यांच्या शरीरावर प्रयोग चालले होते, म्हणून गेल्या. पुढे आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस टोचली जात होती. तिथे आश्रमशाळांतल्या मुलींच्या वतीने वॉर्डननेच सह्या केल्या होत्या. त्या प्रकल्पाविरुद्धही बायकाच उभ्या राहिल्या आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. तेव्हा सरकारी किंवा कंपनीची सुई दिसली की आपण आधी विचारतो, ‘कुणाच्या फायद्याची?’ हा प्रश्न योग्यच आहे.

पण हाच प्रश्न घेऊन बीसीजीकडे गेलं की उत्तर वेगळं येतं. इथे बाई लस नाकारत नसते, ती मागत असते. लस तिला मिळत नाही, मिळाली तर वेळेवर मिळत नाही, आणि मिळाल्यावर तिचं पुढे काय होणार हे कुणी तिला सांगत नाही. मीरा-भाईंदरमध्ये वस्तीत काम करताना गेली काही वर्षं मी हेच पाहते आहे. म्हणून यावेळी या विषयावर जरा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आमच्या भागाची थोडी ओळख करून देते, कारण बाहेरच्या मैत्रिणींना मीरा रोड म्हटलं की फक्त उंच इमारती आठवतात. दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबई संपते आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. १९८५ साली इथे नगरपालिका आली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. पश्चिमेला मिठागरं, राई-मुर्धा-मोर्वा ही गावं आणि त्यापुढे उत्तन-पाली-चौकचे कोळीवाडे. पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि गाळे. महामार्गाला लागून काशीमीरा, पेणकरपाडा. इमारतींत धुणीभांडी करणारी बाई राहते दहा बाय बाराच्या खोलीत. त्या खोलीत पाच ते आठ माणसं आणि एकच खिडकी. पावसाळ्यात तीही प्लास्टिक लावून बंद. क्षयाच्या जंतूला आणखी काय हवं? तो खोकल्यातून हवेत जातो, आणि कोंदट हवेत तासन् तास तरंगत राहतो. ऊन आणि वारा त्याचे वैरी. ते दोन्ही या खोल्यांत भाड्यात मिळत नाहीत.

आता ‘गुरुवार’ची गोष्ट. आमच्याकडे बरीच बाळंतपणं खाजगी नर्सिंग होममध्ये होतात. तिसऱ्या दिवशी, सिझर असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी बाईला घरी सोडतात. जाताना एक कागद हातात देतात आणि सांगतात, ‘‘बीसीजी गुरुवारी मिळेल, तेव्हा बाळाला घेऊन या.’’ कुठे गुरुवार, कुठे मंगळवार, कुठे महिन्यातले दोनच ठरलेले दिवस. वार कोणताही असो, तो त्या बाईच्या सोयीचा नसतो.

याला कारण आहे, आणि ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण नुसतं भांडत बसू. बीसीजीची लस पावडरच्या रूपात, गडद रंगाच्या काचेच्या कुपीत येते, कारण तिला उजेड सोसत नाही. ती सलाईनच्या पाण्यात कालवावी लागते आणि कालवल्यावर चार तासांत संपवावी लागते. उरली तर फेकून द्यायची. पोलिओसारख्या काही लसींची उघडलेली बाटली नियम पाळून पुढच्या वेळी वापरता येते, हिची नाही. एका कुपीत निदान दहा बाळांपुरती लस असते. ज्या नर्सिंग होममध्ये दिवसाला एक-दोन बाळंतपणं होतात तिथे डॉक्टर म्हणतात, एका बाळासाठी कुपी फोडली तर बाकीची वाया जाईल. म्हणून सगळ्या बाळांना एका दिवशी बोलवायचं.

हिशोब बरोबर वाटतो. पण त्यात एक बाजू धरलेलीच नाही. टाके ओले असलेली बाई आठ दिवसांच्या बाळाला घेऊन रिक्षा करून येते, रांगेत थांबते, आणि ‘आज बाळं कमी आहेत, पुढच्या गुरुवारी या’ असं ऐकून परत जाते. तिचे पैसे, तिचा दिवस आणि तिच्याबरोबर आलेल्या सासूची किंवा बहिणीची बुडालेली मजुरी यांचा हिशोब कोण लावतं? लस वाया गेली तर ती नोंदवहीत लिहिली जाते. बाईची फेरी वाया गेली तर तिची नोंद कुठेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या भूमिकेत स्पष्ट म्हटलं आहे की नवजात बाळाची संधी हुकू नये म्हणून लस वाया गेली तरी चालेल, पण कुपी उघडावी. आपल्या सरकारच्या वेळापत्रकातही बीसीजी ‘जन्मतः किंवा त्यानंतर लवकरात लवकर’ अशीच आहे. राहून गेली तर वर्षाच्या आत कधीही देता येते. ही सवलत आहे राहून गेलेल्यांसाठी. आमच्याकडे तिचाच नियम झाला आहे.

आणि मग सव्वा महिना येतो. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. मराठी घरात पडत नाही, उत्तर प्रदेशातून आलेल्या घरात पडत नाही, राजस्थानी घरातही पडत नाही. याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकायला मी तयार नाही. ज्या बाईला वर्षभरात कुणी बसू देत नाही तिला ह्या रूढीच्या आडून चाळीस दिवसांची विश्रांती मिळते. ती विश्रांती मोडून ‘गुरुवारी या’ म्हणणं सोपं आहे. बाळंतीण दवाखान्यात खाटेवर असतानाच, घरी सोडायच्या आधी, बाळाच्या डाव्या दंडावर ती छोटी सुई देऊन टाकली तर रूढी आणि आरोग्य यांचं भांडणच उरत नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यांत हे होऊ शकतं, कारण तिथे रोज बाळंतपणं असतात. खाजगीत होत नाही, कारण खाजगी डॉक्टरला कुणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट माहेरची. बाई सातव्या-आठव्या महिन्यात कोकणात, जौनपूरला, नाहीतर जालोरला जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत येते. कार्ड माहेरी राहतं, किंवा दुसऱ्या राज्याचं म्हणून इथली नर्स त्यावर लिहायला कचरते. ज्या बाया बाळंतपणाला नाका ओलांडून बोरिवली-कांदिवलीच्या मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत जातात त्यांचंही हेच. बाळ जन्मलं मुंबईत, राहतं मीरा-भाईंदरमध्ये, आणि दोन्ही महापालिकांच्या मधल्या चेकनाक्यावर त्याचा कागद अडकलेला. अलीकडे सरकारने ‘यू-विन’ नावाची संगणकी नोंद सुरू केली आहे. देशात कुठेही लस घ्या, नोंद सापडेल, अशी कल्पना. चांगली आहे. पण नोंद होते मोबाईल नंबरावर आणि मोबाईल असतो नवऱ्याकडे. तो सकाळी सहाच्या लोकलने जातो. निरोप त्याच्या खिशात वाजतो आणि तिथेच राहतो.

एका बाईचं सांगते. नाव सांगत नाही, तिचं आणि दवाखान्याचंही. भाईंदर पश्चिमेच्या वस्तीतली, इमारतीत चार घरची कामं करणारी. तिचं दुसरं बाळ, मुलगा, अशाच एका गुरुवारच्या फेऱ्यांत राहिला. एकदा गेली तर लस संपली होती. पुढच्या खेपेला बाळाला सर्दी होती म्हणून परत पाठवलं. सर्दी असली तरी लस देता येते, पण हे तिला कोण सांगणार? मग ती कामाला लागली आणि नंतरच्या लसी महापालिकेच्या केंद्रात झाल्या. कार्डावर बीसीजीचा रकाना कोरा होता, पण बाकीचे भरलेले होते, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. घरात सासरा पाच-सहा महिने खोकत होता. ‘बिडीचा खोकला आहे’ हे घरातलं निदान. बाळ आठ महिन्यांचं असताना त्याला बारीक ताप सुरू झाला. दात येताहेत, असं सगळे म्हणाले. उलट्या झाल्या, दृष्ट काढली. वस्तीतल्या डॉक्टरने दोनदा औषध बदललं. बाळ सुस्त पडायला लागलं आणि एके रात्री झटके आले. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की मेंदूच्या आवरणाला क्षय झाला आहे. त्यानंतर सासऱ्याची थुंकी तपासली, तीत जंतू सापडले.

मुलगा वाचला. पण त्याची एक बाजू लुळी आहे आणि ऐकू येतं की नाही याची शंका आहे. तिने चारही घरं सोडली. रोज व्यायाम, महिन्यातून दोनदा मुंबई. आता पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन जिने चढते. या सगळ्यात मला सर्वांत चीड आणणारा प्रश्न एकच होता, जो नातेवाइकांनी, शेजारणींनी आणि दवाखान्यातल्या एका शिकाऊ डॉक्टरनेही तिला विचारला: ‘‘लस दिली नव्हती का तू?’’ तू! जणू लस तिच्या फडताळात होती आणि ती द्यायची विसरली. सासऱ्याला कुणी विचारलं नाही की सहा महिने खोकताना तपासायला का गेला नाहीस. नर्सिंग होमला तर कुणीच काही विचारलं नाही.

बीसीजी दिली असती तर हे टळलंच असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लस शंभर टक्के नसते. पण मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि रक्तातून सगळ्या शरीरभर पसरणारा क्षय, या लहान मुलांच्या दोन भयंकर रूपांपासून ती बरंच चांगलं संरक्षण देते. ही गोष्ट जगभरच्या अनुभवातून पक्की झालेली आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरला तरी दहातल्या नऊ जणांना आजार होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाची ताकद तेवढी नसते. त्याला संसर्ग झाला तर आजार होण्याचा धोका कितीतरी मोठा, आणि तो मेंदूपर्यंत जाण्याचाही. म्हणून ‘जन्मतः’ या शब्दाला अर्थ आहे. आठ महिन्यांनी दिलेल्या लसीवर रकाना भरतो, मधले आठ महिने भरून येत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या एक ते दोन वर्षांच्या शंभरातल्या सुमारे ९५ मुलांना बीसीजी मिळाल्याचं दिसतं. हा आकडा आमच्या सभेत एका अधिकाऱ्याने मोठ्या समाधानाने वाचून दाखवला. आकडा खरा आहे आणि त्यामागे हजारो नर्सताईंचे कष्ट आहेत. पण तो ‘मिळाली का’ हे सांगतो, ‘कधी मिळाली’ हे सांगत नाही. आणि उरलेली पाच कोण? ती देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती बांधकामावरच्या पालात असतात, मिठागराच्या कडेला असतात, अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलणाऱ्या घरात असतात. २०२० च्या टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं काही काळ बंदच पडली आणि वस्त्या गावाकडे रिकाम्या झाल्या. त्या वर्षी जन्मलेल्या बाळांचे रकाने कुणी परत उघडून पाहिले?

आता लसीच्या जन्माबद्दल थोडं. फ्रान्समधल्या लील इथे कालमेत आणि गेरँ या दोघांनी, त्यातले गेरँ जनावरांचे डॉक्टर, गायीच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून, तब्बल २३० वेळा, दुबळा केला. लसीला त्यांचीच नावं आहेत. ती पहिल्यांदा दिली १९२१ साली पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला. त्याची आई बाळंतपणानंतर लगेच क्षयाने गेली होती आणि बाळाला सांभाळणार होती त्याची आजी, तिलाही क्षय. म्हणजे ह्या लसीची गरज जिथे पहिल्यांदा दिसली ते घरही आमच्या वस्तीतल्या घरासारखंच होतं: गेलेली आई, खोकणारी आजी आणि दुसरी कुठलीही सोय नसलेलं बाळ.

आपल्याकडचं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं. कल्याणला १८६५ साली जन्मलेली यमू जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, त्यानंतर ती डॉक्टर व्हायला निघाली. १८८६ साली अमेरिकेतून पदवी घेऊन आली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये बावीस वर्षंही पूर्ण न करता क्षयाने गेली. कॉखने क्षयाचा जंतू शोधला होता त्याला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. लस नव्हती, औषध नव्हतं. आज दोन्ही आहेत. औषधांनी क्षय बरा होतो.

स्वतंत्र भारतात बीसीजी आली १९४८ साली. मद्रासच्या गिंडीला सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली आणि आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या काळात देशभर मोहीम निघाली. १९५५ साली राजाजींनी पुस्तिका लिहून तिला कडाडून विरोध केला. दोघेही गांधीजींचेच अनुयायी. आज राजाजींचे सगळे मुद्दे टिकत नाहीत. पण १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात अडीच लाखांहून अधिक लोकांवर मोठी पाहणी सुरू झाली, पंधरा वर्षं चालली, आणि तिच्यात दिसलं की मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर बीसीजीचा काही उपयोग होत नाही. हे आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवं, कारण याचा सरळ अर्थ असा की लस बाळाला वाचवते, बाळाच्या आईला नाही. बाळाची ती मुलगी पंधरा वर्षांची होते, पाळी येते, जेवण कमी पडतं, लग्न होतं, गरोदर राहते, तेव्हा दंडावरच्या त्या खुणेच्या भरवशावर तिला सोडता येत नाही. आपल्या देशात बायकांच्या वंध्यत्वामागे गर्भाशयाच्या आणि गर्भनलिकांच्या क्षयाचा मोठा हात आहे. ताप नाही, खोकला नाही, फक्त मूल होत नाही. नवरा दुसरी करतो आणि हिला कुणी तपासतही नाही. अलीकडे, २०२४ पासून, मोठ्या माणसांना बीसीजी पुन्हा देऊन काही फायदा होतो का याचा अभ्यास सरकारने काही राज्यांत सुरू केला. तिथे आपला जुना प्रश्न जरूर विचारावा: माहिती दिली का, तिच्या भाषेत दिली का, नाही म्हणायची मोकळीक ठेवली का?

बाळाच्या बीसीजीबाबतही हे विचारलं पाहिजे. लस दिल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दंडावर बारीक गाठ येते. ती मोठी होते, कधी फुटते, पू येतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत व्रण उरतो. हे सगळं अपेक्षितच आहे. त्यावर काही लावायचं नाही, शेकायचं नाही, दाबायचं नाही, आंघोळ नेहमीसारखी घालायची. हे चार वाक्यांचं ज्ञान. पण ते न दिल्यामुळे मी हळद लावलेले दंड पाहिले आहेत, चुना लावलेले, टूथपेस्ट लावलेले. ‘सुई पिकली’ म्हणून सासूने सुनेला बोलताना ऐकलं आहे आणि ‘पहिल्याला पिकली, दुसऱ्याला नाही देणार’ असं ठरवलेली घरंही पाहिली आहेत. काखेत मोठी गाठ आली तर मात्र डॉक्टरला दाखवायचं. आणि व्रण उमटलाच नाही तर? पुन्हा टोचायची गरज नाही, असंच आता तज्ज्ञ सांगतात. आमच्या गटाने ही माहिती एका कागदावर मराठीत लिहिली आणि लक्षात आलं की वस्तीतल्या अर्ध्या बायांना मराठी वाचता येत नाही. मग हिंदी केलं, गुजराती केलं. शेवटी सर्वांत उपयोगी पडली ती एक बाई, जी आपल्या नातवाचा दंड उघडून दाखवत घरोघर फिरली.

बाळंतिणीलाच क्षय असेल तर? इथे सर्वांत जास्त क्रूरपणा होतो. बाळ काढून घेतात, दूध तोडतात, तिला माहेरी पाठवतात. कधी तर तीच गोळ्या लपवून खाते, पिठाच्या डब्यात ठेवते, कारण सासरी कळलं तर संपलंच. शास्त्र सांगतं की अशा आईने बाळाला अंगावर पाजावं. दुधातून क्षय जात नाही. तिने तोंडाला मास्क किंवा स्वच्छ फडकं बांधावं, औषध चुकवू नये. बाळाला आजार नाही ना हे डॉक्टर पाहतात, त्याला प्रतिबंधक औषध देतात आणि बीसीजी नेमकी कधी द्यायची तेही ठरवतात. घरात कुणालाही क्षय निघाला तर पाच वर्षांखालच्या मुलांना असं प्रतिबंधक औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, लस झालेली असली तरीही. आमच्या वस्तीत हे माहीत असलेली बाई शोधून सापडत नाही.

लस पुरवण्याचं काम कुणाचं, हाही प्रश्न आहे. गिंडीची ती प्रयोगशाळा, कसौलीची संस्था आणि कुन्नूरची पाश्चर संस्था या तिन्ही सरकारी लस-कारखान्यांचे परवाने जानेवारी २००८ मध्ये एकदम स्थगित झाले. उत्पादनाचे निकष पाळले जात नाहीत, असं कारण दिलं. निकष सुधारायला पैसे आणि मुदत देण्याऐवजी कुलूप लावलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये परवाने परत मिळाले. मधल्या काळात सरकार खाजगी कंपन्यांवर अवलंबून होतं. त्यामुळे दवाखान्यात ‘लस संपली’ असं ऐकलं की समोरच्या नर्सवर ओरडू नका. ती लस तयार करत नाही. तिला आणि आशाताईला तर आपण आपल्याच बाजूच्या समजायला हवं. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. शासन त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणतं. घरोघरी जाऊन बाळं मोजायची, खोकणारी माणसं शोधायची, कार्ड तपासायचं, आणि पगार मागितला की तुम्ही सेवा करता असं ऐकायचं. बायकांच्या कामाला सेवा म्हणायची ही युक्ती आपल्याला घरापासून माहीत आहे.

आणि शेवटी जेवण. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरुग्णांच्या घरच्यांना धान्याचा शिधा देऊन पाहिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की ज्या घरांना शिधा मिळाला तिथे इतरांना क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं.  सरकार रुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे देतं. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण ते खात्यात येतात, आणि बाईचं खातं नसेल तर नवऱ्याच्या खात्यात येतात. त्यातून अंडं आलं तर ते आधी कुणाच्या ताटात जातं, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. २०२५ पर्यंत क्षय संपवू, असं सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. ते वर्षही येऊन गेलं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे.

आमच्या गटातल्या काही मैत्रिणींचं म्हणणं आहे की घर, अन्न, हवा हे खरे प्रश्न. लसीच्या मागे लागणं म्हणजे सरकारचं काम हलकं करणं. मला हे पटत नाही. घराचा लढा दहा वर्षं चालेल, पण या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला दहा वर्षं थांबता येत नाही. दोन्ही मागावं लागेल, आणि लसीची मागणी तर अगदी छोटी आहे. बाळंतीण दवाखान्यातून निघण्याआधी बाळाला बीसीजी द्या. ते जमत नसेल तर जवळच्या महापालिकेच्या केंद्रात कोणत्या दिवशी मिळेल हे लेखी द्या, आणि एक बाळ आलं तरी कुपी उघडा. दंडाचं पुढे काय होईल हे आईला तिच्या भाषेत सांगा. खाजगी नर्सिंग होमला नोंदणी देताना महापालिका जागेची, कचऱ्याची चौकशी करते, हीही करावी.

येत्या महिन्यापासून आम्ही पाच-सहा जणी भाईंदर पश्चिम आणि काशीमीरा भागातल्या नर्सिंग होममध्ये जाऊन एकच प्रश्न विचारणार आहोत: तुमच्याकडे बीसीजीचा वार कोणता? जी उत्तरं येतील ती तारखेनिशी लिहून महापालिकेच्या आरोग्य विभागाला देऊ. तुमच्या शहरात, तालुक्यात हेच विचारून पाहा. वस्तीतल्या वर्षाच्या आतल्या बाळांची कार्डं मागून जन्मतारीख आणि बीसीजीची तारीख शेजारी शेजारी लिहा, नावं लिहू नका. तेवढी यादी मासिकाच्या पत्त्यावर पाठवलीत तर पुढच्या अंकात सगळ्या एकत्र छापता येतील.